आठशे बारा कार्डांचं हळदीकुंकू

“वाजत का नाही?” प्राचार्य गुंजाळ सरांनी विचारलं.

मी कार्ड परत स्कॅनरखाली धरलं. लाल उजेड पडला, काळ्या रेघांवरून सरकला आणि गप्प झाला.

“उलटं धर.”

उलटं धरलं.

“जरा लांबून.”

लांबून धरलं. मग जवळून, तिरकं, पडदा ओढून, पंखा बंद करून. शेवटी सरांनी स्कॅनरला हलकी टपली मारली, पहिल्या बाकावरच्या पोराला मारतात तशी. पोरगं असतं तर काहीतरी बोललं असतं. स्कॅनर बोलला नाही.

“दुसरं कार्ड घे, लायब्ररी.”

लायब्ररी म्हणजे मी. रस्त्यात एखाद्याला ‘ओ रिक्षा’ म्हणून हाक मारतात ना, तसं सर मला ‘लायब्ररी’ म्हणायचे. बेलवंड्याच्या कॉलेजात मी ग्रंथालय सहायक होतो. सात वर्षं. दर जूनला नवी ऑर्डर मिळायची, दर मे महिन्यात मी बेकार व्हायचो, आणि जूनमध्ये परत त्याच खुर्चीवर येऊन बसायचो. खुर्ची मात्र कायम होती.

गोष्ट आहे पंधरा वर्षांपूर्वीच्या एका बुधवारची, दुपारी साडेतीनची. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता पाहणी समिती येणार होती. ही समिती पाच वर्षांतून एकदा येते, कॉलेजचे पापड-लोणच्यापासून प्रयोगशाळेपर्यंत सगळे नमुने बघते आणि एक अक्षर देऊन जाते. मागच्या वेळी आम्हाला ‘ब’ मिळाला होता. अहवालात आमच्या ग्रंथालयापुढं दोनच शब्द होते: ‘आधुनिकीकरण नाही.’ हे दोन शब्द सरांच्या इतके जिव्हारी लागले, की त्यांनी पोरांच्या ओळखपत्रांवर बारकोड छापायचं ठरवलं. पोरानं कार्ड मशीनखाली धरायचं, मशीन ‘पीप’ करणार, आणि पडद्यावर पोराचं नाव, फोटो, घेतलेली पुस्तकं, सगळं.

“समितीसमोर हे मशीन वाजलं,” सर मला म्हणाले होते, “तर तुझा कायम करायचा प्रस्ताव मी स्वतः संस्थेकडं घेऊन जातो. आणि नाही वाजलं…”

पुढचा जून उगवणारच नाही, हे मला कळत होतं.

मी दुसरं कार्ड घेतलं. तिसरं घेतलं. दहावं घेतलं. मग डोळ्यांजवळ नेऊन नीट बघितलं. रेघांच्या बरोबर मधोमध, प्लास्टिकच्या आत, एक चिमूट हळद होती. तिच्या शेजारी एक चिमूट कुंकू. दोन्ही छान दाबून बसवलेलं.

“सर,” मी म्हणालो, “सोमवारी मी स्कॅनर आणायला नगरला गेलो होतो, तेव्हा इथं काय झालं?”

“काही नाही. कार्डांचा मुहूर्त केला. नारळ मीच फोडला.”

“आणि हळदीकुंकू?”

सरांनी दाराकडं बघून हाक मारली. गयामावशी आल्या. कॉलेजच्या शिपाई, नोकरीची एकोणतीस वर्षं झालेल्या. कॉलेजात आलेली एकही वस्तू त्यांच्या हातची पूजा झाल्याशिवाय कामाला लागलेली नव्हती. पाण्याची टाकी, झेरॉक्स मशीन, नवे प्राध्यापक, सगळ्यांना त्यांनी ओवाळलेलं होतं.

“मावशी, ही कार्डं तुम्ही…”

“सगळी लावली,” मावशी अभिमानानं म्हणाल्या. “आठशे बारा. दोन दिस बोटं लाल होती माझी. एक पन सुटलं नाय.”

“अहो पण या रेघांवर का?”

“मंग कुठं लावू? फोटूवर? जित्या पोरांच्या फोटूला कुंकू लावू व्हय, देवाघरी गेल्यावानी? नावावर लावावं तर नाव झाकतंय. खाली ह्या रेघा व्हत्या. म्हणलं ही जागा रिकामीच हाय.”

“आणि प्लास्टिकच्या आत कसं गेलं?”

“प्लाष्टिकवर कुंकू टिकतंय का? पुसून जातंय. सर म्हणले, पूजा टिकाऊ पायजे. मंग आधी लावलं आन वरून प्लाष्टिक चढवलं.”

मी सरांकडं बघितलं. सर छताकडं बघत होते.

आम्ही नगरच्या कॉम्प्युटरवाल्या निमसेला फोन लावला. सरांनी फोन स्पीकरवर टाकला.

“लाल उजेडाला लाल रंग दिसत नाही हो,” निमसे म्हणाला. “काळ्या रेघेवर कुंकू बसलं, की मशीनला वाटतं तिथं कागद कोराच आहे.”

“आणि हळद?”

“हळद पण तसलीच.”

“समजा गुलाल लावला असता तर?” सरांनी विचारलं.

“सर, काहीच लावलं नसतं तर चाललं असतं.”

“नवी कार्डं कधी मिळतील?”

“कोरी कार्डं पुण्याहून येतात. आठ दिवस धरा.”

सरांनी फोन ठेवला. मी एका कार्डाचं प्लास्टिक ब्लेडनं सोलून बघितलं. प्लास्टिकबरोबर पोराचं नाक निघून आलं. रेघांखाली छापलेला नंबरही कुंकवात बुडालेला. तो दिसला असता तर मी हातानं तरी टाकला असता, कारण मशीनला बाकी काही नको होतं, चार आकडी नंबर तेवढा हवा होता.

सर खुर्चीत बसले. त्यांनी सोललेलं कार्ड उचललं. “याचं नाक गेलं. कोण आहे हा?”

“दोन हजार एकशे सात,” मी म्हणालो. “सुदाम कोरडे. एस.वाय. भूगोल.”

मी ते सहज बोललो. लायब्ररीच्या जुन्या तिकिटांच्या जागी ही कार्डं आली तरी नंबर जुनेच ठेवले होते, आणि सात वर्षं रोज काउंटरवर बसून दुसरं होणार काय. पोरगं दारात दिसलं की आधी नंबर आठवायचा, मग नाव.

सरांनी दुसरं कार्ड उचललं. नंबरावर कुंकू होतंच.

“ही?”

“एकोणीसशे चाळीस. अलका म्हस्के. टी.वाय.”

तिसरं. चौथं. सातव्या कार्डापर्यंत सरांच्या चेहऱ्यावर एक प्रकारचा उजेड पसरायला लागला. तो उजेड मला आवडला नाही.

“तुला किती येतात असे?”

“लायब्ररीत येणारे सगळे.”

सरांनी त्यातला शेवटचा एकच शब्द ऐकला.

संध्याकाळी सहापर्यंत कार्डं पोरांना वाटून झाली आणि सगळी मांडणीही झाली. टेबलावर स्कॅनर, त्याचा लाल उजेड चालू. पडदा समितीकडं तोंड करून. कीबोर्ड माझ्या पुढच्या खणात, खण अर्धा उघडा. पोरगं कार्ड धरणार, मी चेहरा बघून खणात नंबर दाबणार, पडद्यावर माहिती येणार. एकच अडचण राहिली. मशीन काही वाचणार नव्हतं, त्यामुळं वाजणार नव्हतं. आणि सरांनी समितीला पाठवलेल्या माहितीपत्रकात ‘ध्वनीसह’ असं छापलेलं होतं.

“मावशी,” सर म्हणाले.

“मला नाय जमायचं,” मावशी म्हणाल्या, काय ते न विचारताच.

पण जमलं. पहिला आवाज कोंबडीसारखा आला. दुसरा कुकरच्या शिट्टीसारखा. तिसऱ्याला मावशींनाच हसू फुटलं आणि पाच मिनिटं वाया गेली. पण सातच्या सुमारास वर्तमानपत्रांच्या रॅकमागून असा काही ‘पीप’ आला, की मी दचकून स्कॅनरकडं बघितलं. खऱ्या मशीनपेक्षा जरा गोडच होता.

“उद्या लुगडं कोणतं नेसू?” मावशींनी विचारलं.

“तुम्ही दिसणार नाही, मावशी.”

“तरी पन.”

गुरुवारी अकराला समिती आली. अध्यक्ष डॉ. लीला कामत मॅडम, कापलेले पांढरे केस, साडीखाली पळायचे बूट. बरोबर दोन गृहस्थ. एक लिहिणारे, एक मान हलवणारे. सरांनी निवडून ठेवलेली वीस पोरं व्हरांड्यात रांगेत उभी होती.

पहिली अलका म्हस्के. तिनं कार्ड धरलं. मी खणात दाबलं, एकोणीसशे चाळीस. रॅकमागून पीप. पडद्यावर अलका, फोटोसकट.

“अरे वा,” कामत मॅडम म्हणाल्या.

मान हलवणाऱ्यांनी मान हलवली. दुसरा आला, तिसरा आला. माझी बोटं सुटली. पाचव्या पोराच्या वेळी मावशींना हुरूप चढला आणि पीप दोनदा वाजला.

“दोनदा का वाजलं?” मॅडमनी विचारलं.

“याच्याकडं दोन पुस्तकं आहेत,” सर म्हणाले. इतक्या चटकन म्हणाले, की मीही पडद्यावर बघून घेतलं. खरंच दोन होती. मला वाटतं, त्या क्षणापासून सरांना आपण काहीही बोललो तरी ते खरं निघतं असा भरवसा आला.

वीस झाले. माझी पाठ घामानं ओली झाली होती, पण मनात मी संस्थेचा शिक्का मारलेली ऑर्डर बघत होतो. मॅडम मात्र उठून खिडकीशी गेल्या.

“ही तुम्ही बोलावलेली मुलं होती. आता मी बोलावते.” त्यांनी खाली हात केला. “ए, निळा शर्ट. तू. वर ये. कार्ड आहे ना?”

निळा शर्ट म्हणजे बावीसशे तेरा. त्याच्यामागून मॅडमनी आणखी पाच जण वर आणले. पाचही माझे. एकानं तर आठवड्यापूर्वीच माझ्याशी उशिरा पुस्तक दिल्यावरून वाद घातलेला. त्याचा नंबर मी जरा जोरात दाबला.

सातवा आला प्रशांत उगले. हॉस्टेलचं पोरगं, रोज संध्याकाळी वर्तमानपत्र वाचायला येणारं. त्यानं कार्ड धरलं, मी एकोणीसशे शहात्तर दाबलं, पीप वाजला, पडद्यावर उगले हसायला लागला. मॅडमनी सहज त्याच्या हातातलं कार्ड घेतलं.

“हा फोटो कुणाचा?”

“मच्छ्याचा,” उगले म्हणाला.

“कोण मच्छ्या?”

“मच्छिंद्र पानसरे. माझा रूमपार्टनर. गडबडीत त्याचं कार्ड घेऊन आलो मॅडम, माझं रूमवर राहिलं.”

मॅडमनी कार्डावरच्या पानसरेकडं बघितलं. मग पडद्यावरच्या उगलेकडं. मग समोर उभ्या असलेल्या उगलेकडं. लिहिणाऱ्यांचं पेन थांबलं.

“म्हणजे,” मॅडम सावकाश म्हणाल्या, “कार्ड पानसरेचं, आणि मशीननं सांगितलं हा उगले आहे. आणि हा उगलेच आहे.”

मी खणात बघत बसलो.

“अत्याधुनिक आहे, मॅडम,” सर म्हणाले.

“मशीन चेहरा ओळखतं?”

सरांनी एक श्वास घेतला, विहिरीत उडी मारण्याआधी घेतात तसा. “ओळखतं.”

“चेहरा… ओळखतं,” लिहिणाऱ्यांनी लिहून घेतलं.

“पुण्यात आमच्याकडे असलं काही नाही,” मॅडम म्हणाल्या. त्या परत खिडकीशी गेल्या. या वेळी त्या बराच वेळ मैदानाकडं बघत राहिल्या, बाजारात कलिंगड निवडावं तशा. “तो उंच मुलगा. हो, तूच. चेंडू ठेव आणि वर ये.”

जिन्यावर पावलं वाजली. दारातून वाकून आत आला तो सागर ढोकचौळे. कबड्डीचा कॅप्टन. तीन वर्षं कॉलेजात, गावातल्या प्रत्येक फलकावर ज्याचा फोटो. त्यानं आत येऊन चारी बाजूंच्या कपाटांकडं बघितलं.

“इथं लायब्ररी आहे व्हय?” तो म्हणाला.



“कार्ड धर,” मॅडम म्हणाल्या.

ढोकचौळेनं देवापुढं फूल ठेवावं तसं कार्ड स्कॅनरखाली ठेवलं. रॅकमागून पीप वाजला. पडद्यावर उगलेच हसत होता. माझी बोटं कीबोर्डवर तशीच. ढोकचौळे. नाव माहीत, गाव माहीत, मागच्या मॅचचे गुण माहीत. नंबर नाही.

“परत धर.”

परत पीप. पडद्यावर उगले.

“थोडा लोड आहे,” सर म्हणाले. “कधीकधी…”

मॅडमनी हात वर करून त्यांना थांबवलं. ढोकचौळेच्या हातातून कार्ड घेतलं, स्कॅनरपासून चांगलं हातभर लांब नेलं आणि हवेतच हलवलं.

पीप.

त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं. पर्समधून चष्म्याची डबी काढली आणि ती हलवली.

पीप.

मॅडम शांतपणे टेबलाला वळसा घालून रॅकमागं गेल्या. खाली स्टुलावर, हिरवं नऊवारी नेसून, केसात गजरा माळून मावशी बसल्या होत्या. दोन वर्तमानपत्रांच्या फटीतून बाहेर बघत.

“मावशी, इथं काय करताय?”

“वाजतेय,” मावशी म्हणाल्या.

सर ज्ञानकोशाच्या पाठीवरची सोनेरी अक्षरं वाचत होते. मी उठून उभा राहिलो, खण पूर्ण उघडला आणि कीबोर्ड काढून टेबलावर ठेवला. आता लपवण्यासारखं काही राहिलंच नव्हतं.

“मशीन चालत नाही, मॅडम. कार्डांना हळदीकुंकू लागलंय. नंबर मी टाकत होतो.”

“उगलेचा पण?”

“चेहरा बघून टाकला. कार्ड कुणाचं आहे हे बघितलंच नाही.”

“आणि याचा?” त्यांनी ढोकचौळेकडं बोट केलं. “याला अख्खं गाव ओळखत असेल.”

“मीही ओळखतो. पण हा तीन वर्षांत एकदाही लायब्ररीत आला नाही. त्यामुळं नंबर माहीत नाही.”

“आज आलोय की,” ढोकचौळे म्हणाला. जरा दुखावल्यासारखाच.

मॅडम खुर्चीत बसल्या. त्यांनी रजिस्टर ओढलं, एका पानावर बोट ठेवलं. “दोन हजार एकशे सात?”

“सुदाम कोरडे. भूगोल घेतलाय, पण वाचतो शेळीपालन. तेच पुस्तक चौथ्यांदा नेलंय. बहुतेक शेळ्या घेतल्यात.”

“एकोणीसशे चाळीस?”

“मघाची अलका. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं नेते, आणि त्यांच्या मधे घालून एक कादंबरी. कादंबरी आधी परत येते.”

“बावीसशे तेरा?”

“निळा शर्ट. पुस्तकं नेतो, वाचत नाही. जिला दाखवायचं असतं ती यायच्या वेळेला येतो.”

व्हरांड्यातून कुणीतरी खिदळलं. मॅडमचे खांदे आधी नुसते हलले, मग त्या मोठ्यानं हसायला लागल्या. चष्मा काढून डोळे पुसले, रॅककडं बघितलं, आणि परत हसल्या. मान हलवणारेही हसले. मावशींना वाटलं आपल्यालाच दाद मिळतेय. त्या बाहेर येऊन पदर सावरून उभ्या राहिल्या.

“मॅडम,” लिहिणारे म्हणाले, त्यांना एकट्यालाच हसू येत नव्हतं, “मी काय लिहू? यंत्रणा आहे, की यंत्रणा नाही?”

“थांबा जरा.” मॅडम माझ्याकडं वळल्या. “किती मुलं अशी पाठ आहेत?”

“लायब्ररीत येणारी सगळी. सहाशेच्या आसपास.”

“तुम्ही इथं कायम आहात?”

मी सरांकडं बघितलं. सरांनी अक्षरं वाचणं सोडलं.

“प्रस्ताव आहे, मॅडम,” ते म्हणाले. “म्हणजे विचाराधीन आहे.”

“कुठे आहे?”

“म्हणजे… लिहायचा आहे.”

“मग लिहा की. आम्ही चहा घेतो तोवर.”

“आत्ता?”

“बारकोडचं मी अहवालात काय लिहायचं, ते मी चहा घेता घेता ठरवणार आहे,” मॅडम म्हणाल्या. “तुमचं आधी झालं तर बरं.”

सरांनी माझ्याच टेबलावरचा कागद घेतला, माझंच पेन घेतलं, माझ्याच खुर्चीत बसले. मावशी चहा आणायला गेल्या. ढोकचौळे एक मोठं पुस्तक काढून उभ्या-उभ्या चाळायला लागला.

सरांचं अक्षर सुंदर आहे. ‘मा. अध्यक्ष, शिक्षण संस्था, बेलवंडे यांस,’ त्यांनी लिहिलं. ‘विषय: ग्रंथालय सहायक या पदावर कायम नेमणूक. महोदय, आपल्या महाविद्यालयात गेली सात वर्षे कार्यरत असलेले श्री.’

पेन थांबलं.

सरांनी माझ्याकडं बघितलं. मग त्यांची नजर हळूच माझ्या गळ्याकडं गेली, कार्ड शोधत. गळ्यात कार्ड नव्हतं. ऑर्डरवरच्या माणसांना कार्ड छापायचं नाही, असं त्यांनीच ठरवलं होतं. मी आठशे बारा कार्डं तयार केली होती, त्यातलं एकही माझं नव्हतं.

त्यांनी पेनचं टोपण लावलं, काढलं. समितीकडं बघितलं. तिघंही त्यांच्याचकडं बघत होते. लिहिणाऱ्यांना आता पहिल्यांदा हसू येत होतं.

“लायब्ररी,” सर अगदी हळू म्हणाले. मग घसा साफ केला. “पूर्ण नाव सांगा.”

“अंकुश रघुनाथ इथापे,” मी म्हणालो.

“सावकाश सांगा त्यांना,” कामत मॅडम म्हणाल्या. “घाई नाही आम्हाला.”

मी परत सांगितलं, एकेक शब्द सुटा करून. सरांनी लिहिलं. जन्मतारीख विचारली, ती लिहिली. कुठल्या जूनपासून आहे ते विचारलं, तेही लिहिलं. समितीनं नंतर आम्हाला परत ‘ब’च दिला, फक्त शेजारी अधिकचं चिन्ह जोडून. आणि त्या कागदावर संस्थेचा शिक्का बसला एप्रिलमध्ये. त्या वर्षीचा मे महिना मी आयुष्यात पहिल्यांदा पगारी काढला. पण हे सगळं नंतरचं.

त्या दुपारी सरांनी खाली सही केली, तारीख टाकली आणि कागद फिरवून माझ्यापुढं सरकवला.

“वाचून बघा, इथापे,” ते म्हणाले. “बरोबर आहे का.”

मी दोनदा वाचलं. एकदा बरोबर आहे का ते बघायला, आणि एकदा उगीच.